१९६२ : गोव्यात राज्य बदललं, मग कायदा कधी बदलला? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

गोव्यातली जमीन, लग्न नाहीतर वारसा, यांपैकी कशाच्याही कागदात हात घातला की १९६२ हे साल आडवं येतंच. सैन्य आलं १९६१च्या डिसेंबरात, विधानसभेची पहिली निवडणूक झाली १९६३च्या डिसेंबरात. मधल्या वर्षात रणगाडे नव्हते आणि प्रचारसभाही नव्हत्या, त्यामुळे ते कुणाच्या आठवणीत नाही. पण आजही विक्रीखतावर किती सह्या लागतात, हे त्याच वर्षानं ठरवलेलं आहे. मी वकील नाही. आमच्या घरच्या वाटणीच्या निमित्तानं हे सगळं वाचावं लागलं, आणि मग ओळखीतले लोक विचारायला लागले. तेच प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

१९ डिसेंबर १९६१ला गोवा मुक्त झाला. २० तारखेपासून भारताचे कायदे सुरू झाले ना?

नाही. सगळ्यात मोठा गैरसमज हाच आहे.

१९ डिसेंबरच्या रात्री गव्हर्नर जनरल व्हासालो इ सिल्वा शरण आला आणि साडेचारशे वर्षांची पोर्तुगीज आमदानी संपली. झेंडा बदलला, पण कायद्याची पुस्तकं कपाटात होती तिथेच राहिली. २० तारखेला सकाळी गोव्यात कुणी चोरी केली असती, तर त्याच्या गुन्ह्याचं माप पोर्तुगीज दंडसंहितेनंच घेतलं गेलं असतं. लग्नाची नोंद पोर्तुगीज नागरी नोंदणीच्या वहीत झाली असती, आणि जमिनीचा दावा पोर्तुगीज दिवाणी प्रक्रियेनं चालला असता. पुढे संसदेनं यावर शिक्कामोर्तब केलं : नियत दिवसाच्या, म्हणजे २० डिसेंबर १९६१च्या, आदल्या क्षणी जे कायदे लागू होते, ते सक्षम विधिमंडळ किंवा अधिकारी बदलेपर्यंत किंवा रद्द करेपर्यंत चालू राहतील.

त्या वर्षी बरेच कायदे झाले. पण मला विचाराल तर सगळ्यात जास्त काम या एका वाक्यानं केलं, आणि अजून करतंय.

‘नियत दिवस’ २० डिसेंबर का? शरणागती तर १९ला झाली.

शरणागती रात्रीची होती. कायद्याला हिशेबासाठी एक स्वच्छ सकाळ लागते. म्हणून गोव्याच्या बऱ्याच कायद्यांत ‘२० डिसेंबर १९६१ च्या लगतपूर्वी’ हे शब्द भेटतात. आपण गोवा मुक्तिदिन मात्र १९ला पाळतो.

मग डिसेंबरपासून मार्चपर्यंत कोणत्या अधिकारानं कारभार चालला?

मेजर जनरल के. पी. कँडेथ लष्करी गव्हर्नर होते आणि त्यांच्या हुकुमानं कारभार चालला. पहिला अध्यादेश निघाला ५ मार्च १९६२ला, म्हणजे मधले अडीच महिने हातात संसदेचा एकही कायदा नव्हता. म्हणून नंतरच्या कायद्यात एक कलम घालून या काळात सद्‌भावनेनं केलेली सगळी कृत्यं मागाहून वैध ठरवली. अशी कलमं कुणी मुद्दाम वाचत नाही. पण ते नसतं, तर त्या अडीच महिन्यांतला प्रत्येक हुकूम कोर्टात उभा करता आला असता.

१९६२मध्ये नेमके काय काय कायदे झाले?

क्रमानं सांगतो, म्हणजे त्यामागचा विचारही कळेल.

५ मार्चचा ‘गोवा, दमण व दीव (प्रशासन) अध्यादेश’ हे पहिलं पाऊल. २७ मार्चला दोन गोष्टी एकत्र झाल्या : बाराव्या घटनादुरुस्तीला राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि अध्यादेशाची जागा प्रशासन अधिनियमानं घेतली. १९६२ सालचा हा क्रमांक १चा कायदा. घटनादुरुस्तीनं गोवा, दमण आणि दीव यांचं नाव केंद्रशासित प्रदेशांच्या यादीत घातलं, तेही मागच्या तारखेनं, २० डिसेंबर १९६१पासून. शिवाय अनुच्छेद २४०मध्ये या प्रदेशाचा समावेश झाला. त्यामुळे विधानसभा नसताना राष्ट्रपतींना इथल्यासाठी ‘विनियम’ काढता येऊ लागले, आणि त्यांना कायद्याचंच वजन. पुढचं दीड वर्ष गोव्याचे बरेचसे कायदे याच वाटेनं दिल्लीहून आले.

प्रशासन अधिनियम लांबीनं लहान आहे. जुने कायदे चालू ठेवणारं कलम त्यात आहे. भारतातल्या कुठल्याही राज्यातला कायदा साध्या अधिसूचनेनं इथे लागू करण्याचा अधिकार त्यात आहे. लोकसभेत २ जागा आहेत, त्याही निवडणुकीनं नव्हे, राष्ट्रपतींच्या नेमणुकीनं. स्वातंत्र्यसैनिक डॉ. पुंडलिक गायतोंडे त्याच मार्गानं लोकसभेत गेले. गोव्यावर मुंबई उच्च न्यायालयाचा अधिकार वाढवण्याची तरतूदही त्यातच होती. ती कागदावरच राहिली. तिची गोष्ट पुढे येते.

लगेच दुसऱ्या दिवशी, २८ मार्चला, नागरिकत्वाचा आदेश निघाला. जूनमध्ये लष्करी गव्हर्नर जाऊन टी. शिवशंकर हे पहिले नायब राज्यपाल आले. त्याच वर्षी ग्रामपंचायतींचा विनियम झाला. आणि नोव्हेंबरमध्ये ‘गोवा, दमण व दीव (कायदे) विनियम, १९६२’ निघाला. त्याच्या परिशिष्टात केंद्रीय कायद्यांची लांबलचक यादी होती आणि भारतीय दंड संहिता तीतच होती. पण यादीत नाव आलं म्हणून कायदा लागू झाला असं नव्हतं. प्रत्येकाच्या अंमलाची तारीख वेगळ्या अधिसूचनेनं ठरायची. म्हणून ‘हा कायदा गोव्यात कधीपासून?’ या प्रश्नाला बहुतेक वेळा दोन तारखा असतात, आणि कोर्टात भांडण बहुधा दुसऱ्या तारखेवरून होतं.

जुने कायदे तसेच ठेवले, हा आळस की शहाणपण?

माझ्या मते शहाणपण, आणि थोडी लाचारीही. गोवा ३,७०२ चौरस किलोमीटर, दमण आणि दीव तर त्याहून कितीतरी लहान. सव्वासहा लाखांच्या आसपास लोक. आकारानं आपला एखादा जिल्हाच म्हणा. पण या जिल्ह्यात नोंदणी, वारसा, गावकारीची (गावच्या सामाईक मालकीची) जमीन, खाणी, सगळं युरोपीय पद्धतीच्या लिखित संहितांवर उभं होतं आणि पोर्तुगीज भाषेत होतं. एका रात्रीत ते फेकून दिलं असतं, तर कोणाचं लग्न वैध आणि कोणाची जमीन कोणाची, हे सांगायला कुणी उरलं नसतं. फ्रेंचांच्या पुदुच्चेरीतही जुने कायदे लगोलग पुसले नव्हतेच.

लाचारी भाषेची होती. दिल्लीहून आलेल्या अधिकाऱ्यांना पोर्तुगीज येत नव्हतं आणि इथल्या वकिलांना इंग्रजी कायदा येत नव्हता. एकमेकांचं पुस्तक वाचता येईपर्यंत दोन्ही पुस्तकं मेजावर ठेवणं भाग होतं.

गोवेकरांना भारतीय नागरिकत्वासाठी अर्ज करावा लागला का?

नाही, उलट होतं. २८ मार्च १९६२च्या आदेशानुसार जो स्वतः, किंवा ज्याच्या आईवडिलांपैकी अथवा आजीआजोबांपैकी कुणी २० डिसेंबर १९६१पूर्वी या प्रदेशात जन्मलं असेल, तो त्या दिवसापासून आपोआप भारतीय मानला गेला. ज्याला नको असेल त्यानं एका महिन्याच्या आत लेखी द्यायचं, की मला माझं आधीचं नागरिकत्व ठेवायचं आहे. गप्प बसला तो भारतीय झाला.

मुदत फक्त एक महिन्याची होती. नैरोबीत, लॉरेन्सो मार्किसला (आताचं मापुतो) किंवा बोटीवर असलेल्या गोवेकराला ही बातमी पोचायलाच महिना लागला असेल. पोर्तुगालनं भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं ते ३१ डिसेंबर १९७४च्या करारात. तोवर लिस्बनच्या दृष्टीनं हे सगळे लोक पोर्तुगीजच होते. आज गोव्यात पोर्तुगीज पासपोर्टसाठी ज्या रांगा लागतात, त्यांचं मूळ इथे आहे.

कुणी खरंच ‘मी पोर्तुगीजच राहणार’ असं लिहून दिलं का?

दिलं. त्यातला एक खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. फादर मोंतेरो यांनी एप्रिल १९६२मध्ये तसं निवेदन दिलं आणि गोव्यात राहण्याचा तात्पुरता परवाना घेतला. परवाना नोव्हेंबर १९६४मध्ये संपला. त्यांनी तो वाढवून घेतला नाही आणि गोवा सोडलाही नाही. परकीय नागरिकांच्या कायद्याखाली खटला झाला, शिक्षा झाली.

त्यांचा युक्तिवाद धारदार होता : गोवा हा व्यापलेला प्रदेश आहे, जिनिव्हा करारानुसार व्याप्त प्रदेशातल्या माणसाला त्याच्याच गावातून हाकलता येत नाही, आणि भारतानं तर १९६०मध्ये या कराराचा कायदाच केला आहे. १९६९मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो फेटाळला. प्रदेश जिंकून पुरता सामील करून घेतला की ‘व्याप्ती’ संपते आणि जिनिव्हाचं ते संरक्षणही संपतं. निकाल कायद्याला धरून आहे, हे पटतं. तरी जन्मगावात राहायला परवाना मागणारा पाद्री डोळ्यांसमोर येतोच.

कोर्टांचं काय झालं? ‘रेलासांव’ म्हणजे काय?

‘त्रिबुनाल द रेलासांव’ हे गोव्याचं उच्च न्यायालय. स्थापना १५४४ची, म्हणजे मुंबई, मद्रास, कलकत्त्याच्या उच्च न्यायालयांच्या तीनशेहून अधिक वर्षं आधीची. खाली ‘कोमार्क’ कोर्टं, वर रेलासांव, आणि त्याच्याही वर लिस्बनचं सर्वोच्च न्यायालय. १९६१च्या डिसेंबरात या उतरंडीचा वरचा मजला उडाला, कारण लिस्बनला अपील नेणं अशक्य झालं. खालचे मजले मात्र तसेच चालू राहिले. १९६२चं पूर्ण वर्ष, आणि १९६३चंही जवळजवळ सगळं, स्वतंत्र भारतात एक पोर्तुगीज उच्च न्यायालय काम करत होतं. मला या सगळ्या कहाणीत सर्वांत नवल याचंच वाटतं.

१६ डिसेंबर १९६३ला रेलासांव बंद होऊन त्याजागी ‘ज्युडिशियल कमिशनर’चं कोर्ट आलं. १९६४मध्ये संसदेनं त्याला घटनेतल्या काही कामांपुरता उच्च न्यायालयाचा दर्जा दिला. आणि १९६२च्या अधिनियमातली ती तरतूद, मुंबई उच्च न्यायालयाचा अधिकार गोव्यावर आणण्याची? ती तशीच पडून राहिली. १९८१मध्ये संसदेला त्यासाठी वेगळा कायदा करावा लागला आणि ३० ऑक्टोबर १९८२ला पणजीला मुंबई उच्च न्यायालयाचं खंडपीठ सुरू झालं. ठरल्यापासून घडेपर्यंत वीस वर्षं गेली.

भारतीय कायद्यामुळे गोव्यात फाशी परत आली, हे खरं?

खरं आहे, आणि फारसं कुणाला माहीत नाही. पोर्तुगालनं लष्करी गुन्हे सोडून बाकीच्या गुन्ह्यांसाठीची फाशी १८६७मध्येच रद्द केली होती. भारतीय दंड संहिता आली, तसं ३०२ कलम आलं आणि त्याबरोबर देहदंड. मुक्तीनं आणलेल्या सगळ्याच गोष्टी मऊ नव्हत्या.

यात एक योगायोग आहे. फाशी रद्द करणारा पोर्तुगीज कायदा १ जुलै १८६७चा. जी नागरी संहिता गोवा अजून जपून आहे, तिला मंजुरीही त्याच दिवशी मिळाली. गोव्यासारख्या वसाहतींत ती लागू झाली १ जुलै १८७०ला. आणि भारतीय दंड संहितेला निरोप देऊन न्याय संहिता आली ती १ जुलै २०२४ला. अर्थ काही नाही, पण तारखा पाठ करणाऱ्यांना सोपं जाईल.

जुने कायदे चालू राहिले, तर पोर्तुगीज सरकारनं दिलेले परवाने आणि हक्कही चालू राहिले असतील?

इथे भलेभले फसले. उत्तर आहे : आपोआप नाही.

दमणच्या पेमा चिबर या व्यापाऱ्याकडे १९६१च्या शेवटच्या महिन्यांत पोर्तुगीज सरकारनं दिलेले आयात परवाने होते. माल यायच्या आधी राज्यच बदललं. त्याचं म्हणणं सरळ होतं, की कायदे चालू आहेत तर त्या कायद्यांखाली मिळालेला परवानाही चालू असला पाहिजे. १९६५मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की प्रदेश जिंकणं ही ‘राज्यकृती’ आहे. जुन्या राजानं दिलेला शब्द पाळायचा की नाही हे नवा राजा ठरवतो. जुने कायदे पुढे चालू ठेवणं म्हणजे जुने हक्क मान्य करणं नव्हे.

खाणींचं प्रकरण याहून मोठं. १९०६च्या पोर्तुगीज खाण कायद्याखाली मिळालेल्या सवलती कायमस्वरूपी होत्या, म्हणजे मुदतच नाही. त्या भारतीय अर्थानं खाणपट्टे आहेत की नाहीत, यावर पंचवीस वर्षं ओढाताण चालली. शेवटी संसदेनं १९८७मध्ये कायदा करून त्या सवलती रद्द केल्या आणि त्यांना पट्टे ठरवलं. कधीपासून? २० डिसेंबर १९६१पासून. ही तारीख गोव्याची पाठ सोडत नाही.

आणि बँकेत गहाण ठेवलेलं सोनं?

‘बांको नासियोनाल उल्त्रामारिनो’ या पोर्तुगीज बँकेत गोवेकरांनी गहाण ठेवलेले दागिने मुक्तीच्या तोंडावर लिस्बनला हलवले गेले. बँकांच्या पुनर्रचनेचा विनियम १९६२मध्येच झाला, पण विनियमानं समुद्रापलीकडचं सोनं येत नाही. ते परत आलं १९९१मध्ये. तोवर पुष्कळ पाटल्यांच्या मालकिणी राहिल्या नव्हत्या.

लिस्बनच्या तुरुंगात असलेले स्वातंत्र्यसैनिक सुटले का?

लगेच नाही. गोव्यातल्या कोर्टानं दिलेली शिक्षा गोव्यात निरर्थक झाली तरी कैदी पोर्तुगालच्या ताब्यात होता. सांगलीचे मोहन रानडे १९५५मध्ये पकडले गेले, २६ वर्षांची शिक्षा घेऊन पोर्तुगालला नेले गेले, आणि सुटले जानेवारी १९६९मध्ये. गोवा मुक्त होऊन सात वर्षं झाल्यावर. त्यांच्या सुटकेसाठी सुधीर फडके यांनी किती खटपट केली, हे जुन्या मराठी वाचकांना आठवत असेल. दिल्लीतला कुठलाही अधिनियम त्या कोठडीपर्यंत पोचत नव्हता.

महाराष्ट्राचे कायदे गोव्यात आले का?

काही आले, अधिसूचनेच्या वाटेनं. ठळक उदाहरण सहकाराचं. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० गोव्यात लागू झाला आणि गोव्याचा स्वतःचा २००१चा सहकार कायदा येईपर्यंत तोच चालला. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा वाद पेटायच्या आधीच महाराष्ट्राचा कायदा असा सोसायट्यांच्या दप्तरात येऊन बसला होता. त्याला कुणी विरोध केल्याचं माझ्या वाचनात नाही.

सामान्य माणसाला १९६२मध्ये प्रत्यक्ष काय बदललेलं दिसलं?

पंचायत. पोर्तुगीज काळात गावात रेजेदोर, म्हणजे सरकारी गावप्रमुख, असायचा आणि तालुक्याला ‘कामारा’, म्हणजे नगरपालिका. मतदान ही मोजक्यांची गोष्ट होती. २४ ऑक्टोबर १९६२ला गोव्यात पहिल्या ग्रामपंचायत निवडणुका झाल्या, प्रौढ मतदानानं. चीननं हल्ला करून चारच दिवस झाले होते, त्यामुळे देशाच्या वर्तमानपत्रांत या निवडणुकीला कोपराही मिळाला नसेल. पण शेतात राबणाऱ्या कुळानं आणि भाटकारानं (जमीनदारानं) एकाच पेटीत मत टाकलं ते त्या दिवशी पहिल्यांदा. १९६३च्या विधानसभेत महाराष्ट्रवादी गोमंतक (मगो) पक्ष कसा निवडून आला याचं कोडं पडलेल्यांनी आधी ही पंचायत निवडणूक पाहावी. आणि त्या विधानसभेनं १९६४मध्ये कूळ कायदा केला, हे ओघानं आलंच.

गावकारीच्या, म्हणजे कोमुनिदादच्या, जमिनींचं काय?

कोमुनिदादची संहिता १५ एप्रिल १९६१ची, म्हणजे मुक्तीच्या आठ महिने आधीची. पोर्तुगिजांनी जाता जाता केलेली. १९६२च्या त्या एका वाक्यानं तीही वाचली आणि दुरुस्त्या होत होत आजही लागू आहे. अतिक्रमणांची आजची भांडणं वाचताना हे लक्षात ठेवावं.

समान नागरी कायदा गोव्यात आहे म्हणतात. तो १९६२मध्ये आला का?

आला नाही, राहिला. १८६७ची पोर्तुगीज नागरी संहिता कुणी रद्द केली नाही, म्हणून राहिली. खुद्द पोर्तुगालनं १९६६मध्ये नवी संहिता केली आणि जुनी टाकून दिली. ती नवी गोव्यात यायचा प्रश्नच नव्हता. म्हणजे लिस्बननं टाकलेलं पुस्तक पणजीनं जपलं.

‘समान’ हा शब्द मात्र जरा जपून वापरावा. हिंदूंसाठी १६ डिसेंबर १८८०चं रीतिरिवाजांचं वेगळं फर्मान आहे. त्यात बायकोला पंचविशीपर्यंत मूल झालं नाही, किंवा तिशी पूर्ण होऊनही मुलगा झाला नाही, तर नवऱ्याला दुसऱ्या लग्नाची मुभा ठेवली होती. या तरतुदीखाली अलीकडे कुणी लग्न केल्याचं ऐकिवात नाही, पण कायद्याच्या स्तुतीची भाषणं ऐकताना मला ती आठवते. कॅथलिकांच्या चर्चमधल्या लग्नासाठीही १९४६चं वेगळं फर्मान आहे.

आमच्या वडिलोपार्जित घराच्या विक्रीखतावर जावयाची सही कशाला हवी?

हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त वेळा विचारतात, आणि विचारणाऱ्याचा आवाज बहुतेक चढलेला असतो.

या संहितेनुसार, लग्नाआधी नोटरीसमोर वेगळा करार केला नसेल, तर नवराबायकोची सगळी मालमत्ता एक होते. लग्नाआधीची, नंतरची, वारशानं आलेली, सगळीच. दोघांचा निम्मा निम्मा वाटा. मुलगी मुलाइतकीच वारस. म्हणून तुमच्या बहिणीला माहेरच्या घरात जो हिस्सा मिळाला, त्यातला निम्मा तिच्या नवऱ्याचा झाला. तसंच तुमच्या हिश्शातला निम्मा तुमच्या बायकोचा आहे, हे बोलायला लोक विसरतात. स्थावर मालमत्ता विकताना दोघांची संमती लागते. पाच भावंडं असतील तर दहा सह्या. आमच्या वाटणीत एक सही दुबईहून आणि एक इंग्लंडातल्या स्विंडनहून आणावी लागली. त्यात दीड वर्ष गेलं.

शिवाय मृत्युपत्रानं सगळं एकालाच देता येत नाही. मुलं असतील तर निम्मा वारसा त्यांच्यासाठी राखीव. गोव्यात त्याला ‘लेजितिम’ म्हणतात. नाराज बापाला मुलाला घराबाहेर काढता येईल, वारशातून सहज काढता येत नाही. आयकर कायद्यानंही हे मानलं. १९६१च्या कायद्यात ‘५अ’ हे कलम घालून अशा जोडप्याचं, पगार वगळता, उत्पन्न दोघांत निम्मं निम्मं धरायची सोय केली.

एक इशारा. गोव्यात नागरी लग्नाला दोन सह्या असतात : आधी नोंदणी कार्यालयात इच्छा जाहीर करण्याची, मग काही दिवसांनी पक्की करण्याची. पहिली सही करून घरी गेलेलं आणि दुसरी विसरलेलं जोडपं कायद्यानं विवाहित नसतं. हे वारसा उघडतो तेव्हा कळतं, तोवर फार उशीर झालेला असतो.

मी गोव्याचा, पण माझा फ्लॅट मुंबईत आहे. त्याला कुठला कायदा?

१३ सप्टेंबर २०१९ला सर्वोच्च न्यायालयानं यावर स्पष्ट निकाल दिला. एका गोवेकरानं मुंबईतली मालमत्ता मृत्युपत्रानं एका मुलीला दिली होती. न्यायालयानं म्हटलं, की पोर्तुगीज संहिता ही आता परकी राहिलेली नाही. १९६२च्या अधिनियमानं चालू ठेवली तेव्हाच ती भारतीय कायदा झाली. म्हणून गोव्याचा अधिवासी असेल, तर त्याची भारतात कुठेही असलेली मालमत्ता वारशासाठी याच कायद्याखाली येते. दादर, पार्ले, पुणे, कुठेही. गोवेकर घराण्यांनी हा निकाल गंभीरपणे घ्यावा.

दोन्ही कायदे एकाच विषयावर बोलत असतील तर?

तर वकिलांचं भलं होतं. उसने पैसे वसूल करण्याची मुदत घ्या. भारतीय मुदत कायद्यात अशा दाव्याला ३ वर्षं, पोर्तुगीज संहितेत त्याहून कितीतरी लांब. १९६३चा मुदत कायदा आल्यावर जुनी मुदत गेली की राहिली? १९७९मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, राहिली. २००१मध्ये, एका बँकेच्या वसुलीच्या खटल्यात, तेच न्यायालय म्हणालं, गेली. मधली बावीस वर्षं मुदतीच्या बाबतीत गोवा हा वेगळाच देश होता म्हणा.

दिवाणी प्रक्रिया संहिता तर इथे १५ जून १९६६लाच आली. तरीही वारसांच्या वाटणीची ‘इन्व्हेंटरी’ पोर्तुगीज पद्धतीनंच चालत राहिली, ती २०१६पर्यंत. त्या वर्षी गोव्याचा स्वतःचा २०१२चा वारसा आणि इन्व्हेंटरी कायदा अंमलात आला. त्यातही गाभा जुनाच आहे, भाषा इंग्रजी झाली इतकंच.

हे सगळं दमण, दीव आणि दादरा-नगर हवेलीलाही लागू?

दमण आणि दीवला हो, ते त्याच अधिनियमात होते. दादरा-नगर हवेली वेगळी. ती १९५४मध्येच मुक्त झाली आणि १९६१च्या ऑगस्टमध्ये दहाव्या घटनादुरुस्तीनं भारतात आली. त्यासाठी के. जी. बदलानी या सनदी अधिकाऱ्याला एका दिवसापुरतं तिथलं पंतप्रधान केलं होतं, म्हणजे करारावर सही करायला कुणीतरी असावं.

आजीच्या पेटीत १९५०च्या दशकातले पोर्तुगीज कागद सापडले. फेकू का?

मुळीच नको. आधी त्यावरचा शिक्का आणि वरचा शब्द पाहा. ‘आल्वारा’ असेल तर तो परवाना किंवा सरकारी जमिनीचं दानपत्र असू शकतं. ‘आफोरामेंत’ असेल तर कायमच्या भाडेपट्ट्याचा कागद. ‘कझामेंत’ म्हणजे लग्नाची नोंद, आणि तिच्या समासात पुढे घातलेल्या नोंदी मूळ मजकुराइतक्याच महत्त्वाच्या असतात, त्या झेरॉक्समध्ये कापल्या जाऊ देऊ नका. नाव प्रत्येक कागदावर वेगळ्या स्पेलिंगचं असेलच. पोर्तुगीज कारकुनानं जसं ऐकलं तसं लिहिलं. पोर्तुगीज जाणणाऱ्याकडून आधी नुसता अर्थ समजून घ्या, प्रमाणित भाषांतर नंतर करता येईल. आणि मूळ कागद कुणालाही देऊ नका, भावालासुद्धा. आमचा एक तसाच गेला, आणि तेवढ्यासाठी नोंदणी कार्यालयातून जुन्या वहीचा उतारा काढायला पुढचा सबंध पावसाळा गेला.